आंगायाक झोपलाय

विमानाचा आवाज कानावर पडताच इव्हॉनने हातातला चहा वाळूत ओतला आणि कापायला काढलेल्या तीन किंग सामन माशांवर ताडपत्री ओढली. तेवढ्याने त्याचं समाधान होईना, म्हणून तो स्वतःच ताडपत्रीवर जाऊन बसला. एक शेपटी बाहेर राहिली होती ती त्याने टाचेने आत ढकलली.

ओलिंकाने मान वर केली नाही. तिच्या हातातली अर्धचंद्रासारखी सुरी चौथ्या माशाच्या पाठीतून सरळ चालली होती.

"ऊठ तिथून," ती म्हणाली. "सरकारचं नाही ते. आंगायाक आलाय."

"वहिनी, तुला आकाशात पाटी दिसते का गं?"

"त्याचं विमान खोकतं. सरकारचं खोकत नाही."

त्या उन्हाळ्यात कुस्कोक्विम नदीवर किंग सामन धरायला बंदी होती. जाळ्यात चुकून आला तर परत सोडायचा, असा कायदा. इव्हॉनच्या जाळ्यात मासे नेहमी चुकूनच येत, आणि सोडायचं तेवढं तो विसरून जाई. मत्स्यखात्याचं विमान दिवसाआड नदीवरून चक्कर मारी, त्यामुळे आकाशात काहीही गुणगुणलं, अगदी मोठासा डास का असेना, की काठावरच्या सगळ्या तळांवर ताडपत्र्यांची धावपळ उडे. ओलिंकाच्या तळावर मात्र ती सांगेल तेव्हाच.

विमान वळण घेऊन पाण्यावर उतरलं आणि आपल्या दोन तराफ्यांवर डुलत काठाला लागलं. आतून वेंडेल उतरला. मिशनचा हा वैमानिक उंच, लालसर दाढीचा, आणि जुलै संपत आला की दर वर्षी दिसे तसा झोपेला महाग झालेला. उन्हाळ्यात इकडे सूर्य मावळायचं मनावर घेत नाही आणि मग मिशनही घेत नाही. गावोगावची पोरं तळ्याकाठच्या बायबल शिबिराला न्यायची, आणायची, त्यांच्याबरोबर पीठ, इंधन, चर्चसाठी खिडक्यांच्या काचा, दात काढणारी नर्स, आणि एकदा तर एक पेटीवाद्यही.

"तुझं विमान खोकतंय म्हणे," इव्हॉन ताडपत्रीवरूनच ओरडला. "त्याला जरा सीलचं तेल पाज."

"तू उठलास तर कशावर बसलायस ते कळेल," वेंडेल म्हणाला. "बसूनच राहा, काका. मला काही दिसलं नाही."

त्याने हात पुढे केला आणि विमानातून लूसी उतरली, ओलिंकाची नात. महिनाभर ती मोठ्या गावातल्या इस्पितळाजवळ बाळंतपणाची वाट बघत राहिली होती. तिचा नवरा उन्हाळाभर जंगलातल्या आगी विझवायला गेलेला. तिच्या छातीशी निळ्या रजईत गुंडाळलेलं आठ दिवसांचं बाळ होतं. मुलगी.

"आजी," लूसी म्हणाली.

"हात माशाचे आहेत," ओलिंका म्हणाली. "एवढा संपवते."

आणि खरंच तिने तो मासा संपवला, दोन्ही बाजू शेपटीशी जोडलेल्या ठेवून दांडीवर टाकला, मगच नदीवर हात धुवायला गेली. वेंडेलला यात काही नवल वाटलं नाही. सहा वर्षांत त्याने तिला घाई करताना पाहिलंच नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी वेंडेल पहिल्यांदा इथे उतरला, तो नदीवरचा बर्फ फुटून गेल्याच्या आठवड्यात. त्याच बर्फाने हिवाळ्यात ओलिंकाच्या मुलाला, आंगायाकला, बर्फावरच्या गाडीसकट पोटात घेतलं होतं आणि परत दिलं नव्हतं. आमच्याकडे माणूस गेला की त्याचं नाव मोकळं फिरत असतं, आणि त्यानंतर जो येतो त्याला ते लागतं. बहुतेक वेळा येतं ते बाळ, मुलगा असो की मुलगी. त्या वर्षी आला तो हा दाढीवाला, खोकणाऱ्या विमानातून. ओलिंकाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, डावातल्या पाण्यात बोटं बुडवून त्याच्या डोक्यावर चार थेंब टाकले आणि म्हणाली, "आलास? किती वेळ लावलास." बारसं एवढंच.

वेंडेलला आधी गंमत वाटली. मग अवघड वाटलं, कारण ओलिंका गंमत करत नव्हती. ती त्याला हाताला धरून आंगायाकच्या जागेवर जेवायला बसवी. त्याचं काही चुकलं तर चारचौघांत रागावे. दर हिवाळ्यात त्याचे बूट घेऊन त्यांना सीलच्या कातड्याचे नवे तळ शिवून देई. आंगायाकची मुलगी लूसी तेव्हा तेरा वर्षांची होती. तिने एकदा आजीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि त्या दिवसापासून त्याला बाबा म्हणायला लागली. मिशनच्या मुख्य कचेरीतून एका वरिष्ठांनी विचारलं, की या नावाच्या प्रकारात काही धर्मविरोधी तर नाही ना? वेंडेलने कळवलं, टोपणनाव आहे. ओलिंका स्वतः दर रविवारी चर्चच्या पहिल्या बाकावर बसून सगळ्यांच्या वर आवाज काढून भजनं गाई. देवाचं देवाकडे आणि नावाचं नावाकडे, यात तिला कधी अडचण आली नाही.

एक गोष्ट त्याला पहिल्या वर्षी खटकली होती. आमच्याकडे कुणी काही दिलं, काही केलं, की 'कुयाना' म्हणतात. नदीवरचं प्रत्येक माणूस त्याला कुयाना म्हणे, लहान पोरंसुद्धा. ओलिंका कधीच नाही. त्याने तिला तापात इस्पितळात पोचवलं, तिच्यासाठी शेगडी आणली, तरी नाही. त्याने बायकोपाशी जरा कुरकूर केली आणि शेवटी इव्हॉनला विचारलं. इव्हॉन पोट धरून हसला होता. "पोटच्या पोराला कोण कुयाना म्हणतं रे?"

आज वेंडेलला तिला एक गोष्ट सांगायची होती. गेले पाच आठवडे तो ती सांगणार होता. थोरल्या मुलाची शाळा, बायकोच्या वडिलांचं आजारपण, हे सगळं धरून त्याने स्वतःच अर्ज केला होता आणि मिशनने तो मान्य केला होता. सप्टेंबरात ते सगळे नेब्रास्काला परत जाणार होते, कायमचे. विमानात त्याने वाक्य जुळवून ठेवलं होतं. लूसीच्या कानांवर आवाज अडवणाऱ्या मोठ्या टोप्या होत्या, त्यामुळे त्याला ते दोनदा मोठ्याने म्हणूनही बघता आलं. एकदा आपल्या माणसाला गमावलेल्या बाईला हे कसं सांगायचं, ते मात्र त्याला काही केल्या जमेना.

चहा झाला. कडक बिस्किटं, वर लोणी, आणि मागच्या वर्षीच्या बेरीचं चरबीत फेटलेलं गोड. वेंडेल आंगायाकच्या जागेवर, ओंडक्याच्या डाव्या टोकाला बसला.

"नाव निकोलाईचं ठेवणार ना?" इव्हॉनने विचारलं. चर्चमध्ये पाठ वाचणारा म्हातारा निकोलाई फेब्रुवारीत गेला होता. "त्याच्या बायकोने रजईसुद्धा पाठवलीय. ही निळी तिचीच. नवऱ्याला थंडी वाजू नये म्हणून, असं म्हणाली."

"छान रजई आहे," ओलिंका म्हणाली.

"म्हणजे ठेवणार?"

"तू चहा पी."

तिने बाळाला मांडीवर घेतलं. तिचा अंगठा बाळाच्या भुवईवरून, नाकावरून, हनुवटीवरून फिरला, माशाचं वजन हाताने जोखावं तसा सावकाश. वेंडेलला वाटलं, हीच वेळ आहे. सगळे खुशीत आहेत. त्याने कप खाली ठेवला.

"आई, मला जरा बोलायचं होतं."

"बूट आणलेस का?" ओलिंकाने बाळावरची नजर न काढता विचारलं.

"नाही. म्हणालो होतो ना मागच्या वेळी. यंदा तळ नको."

"म्हणाला होतास."

"त्याचंच..."

"कामाच्या खोपटातली हत्यारंही नेलीस. लूसीच्या नवऱ्याला करवत दिलीस. म्हणालास, ठेव तुझ्याकडेच." ती हे सगळं अगदी सहज सांगत होती, जसं कुणी आज पाणी किती चढलं ते सांगतं. "आंगायाक कधी कुणाला करवत देत नसे. फार चिकट होता त्याबाबतीत."

इव्हॉन काहीतरी विनोद करायला निघाला होता, पण वहिनीचा चेहरा पाहून त्याने तो गिळला.

"लूसी, पाणी दे."

लूसीने डाव भरून आणला. ओलिंकाने त्यात बोटं बुडवली आणि बाळाच्या टाळूवर एक थेंब सोडला, मग दुसरा, तिसरा, चौथा. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं. ओलिंका खाली वाकली आणि त्याच्या कानाशी म्हणाली, पण काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने:

"आंगायाक."

इव्हॉनचा कप हातातच राहिला. लूसीने आधी वेंडेलकडे पाहिलं आणि मग बाळाकडे. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

"वहिनी," इव्हॉन हळूच म्हणाला, "आंगायाक तर इथे बसलाय."

"दोघांनाही असू दे की नाव," लूसी म्हणाली. "असतं ना आजी, दोघा-तिघांना?"

"असतं," ओलिंका म्हणाली. "ते इथेच राहणारे असले तर."

धुरीच्या खोपटातून ओल्या लाकडाचा धूर निघत होता, तो वारा फिरला तसा त्यांच्यावर आला, आणि डोळे चोळायला सगळ्यांना निमित्त मिळालं.

"मी सांगणारच होतो," वेंडेल म्हणाला. त्याचा आवाज त्यालाही नको इतका मोठा निघाला. "खरंच सांगणार होतो, आई. आजच..."

"हळू बोल," ओलिंका म्हणाली. "आंगायाक झोपलाय."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर वेंडेलला बरं वाटलं असतं, कारण तिचा राग त्याला ओळखीचा होता. तिने एका हाताने रजई नीट केली आणि दुसऱ्याने त्याच्या कपात चहा ओतला.

"एकदा तो गेला तेव्हा मी काठावर उभी होते आणि मला काही करता आलं नाही," ती म्हणाली. "ह्या खेपेला मी आधीच सावध झाले. तुला तुझी बायको-मुलं आहेत. जा तू. पण त्याला घेऊन नाही जायचं."

बाळ जागं झालं आणि कुरकुरायला लागलं.

"काय झालं बाबा? भूक लागली?"

वेंडेल "नाही गं" म्हणत वळला. लूसी त्याच्याशी बोलत नव्हती. तिने बाळाला आजीच्या मांडीवरून उचललं आणि त्याच्या पोटावर नाक घासत पुन्हा म्हणाली, "बाबा, माझा बाबा, किती लहान झालास रे तू." मग वेंडेलने वळून पाहिलेलं तिच्या लक्षात आलं आणि तिने ओशाळून मान खाली घातली. त्याने हात हलवून काही नाही, काही नाही असं केलं.

त्या संध्याकाळी त्याला वरच्या गावातून शिबिराची पाच पोरं उचलायची होती. तो उठला. निघताना दर वेळी तो वाळवणाच्या दांड्यांपाशी जाई, आपल्या हाताने सुक्या माशाच्या दोनचार पट्ट्या तोडून खिशात कोंबी, आणि ओलिंका मागून ओरडे, की जाळी लाव, कावळे येतील, कधी अक्कल येणार तुला. आज तो दांड्यांपाशी जाऊन थांबला. जाळी लावलेली होती. तिला हात न लावता तो तसाच विमानाकडे गेला.

तराफ्यावर उभा राहून तो दोर सोडत होता तेव्हा ओलिंका काठावर आली. तिच्या हातात एक पुडकं होतं. पिठाच्या धुतलेल्या पिशवीत बांधलेलं, वर सुतळीची नीट गाठ, पोटाकडच्या सगळ्यात चांगल्या पट्ट्यांचं. पाद्री आला, शाळामास्तर आला, की ती असं पुडकं बांधे. वेंडेलनेच ती कितीदा तरी लोकांपर्यंत पोचवली होती.

तिने ते दोन्ही हातांनी पुढे केलं.

"वेंडेल," ती म्हणाली. तिला ते नाव येतं हे त्याला आजवर माहीत नव्हतं. "माझ्या नातीला सुखरूप आणलंस. सहा वर्षं आलास. कुयाना."

नदीवरच्या प्रत्येक तळावर तो यावर हसून 'त्यात काय एवढं' म्हणत आला होता. त्याने तोंड उघडलं, आणि जे ओठांवर आलं ते 'आई' होतं. ते त्याने तिथेच थांबवलं. पुडकं दोन्ही हातांनी घेतलं, मान लववली, आणि दोर सोडला. प्रवाहाने विमान काठापासून सावकाश दूर नेलं.