एकशे नव्वद आत्मे आणि एक प्लग

देव दगडात राहतो, झाडात राहतो, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तो पोकलेनच्या इंजिनात राहायला आलाय, हे मात्र यंदाच्या एप्रिलात कळलं.

देगलूरजवळच्या आमच्या गावात तळ्यातला गाळ काढायचं काम चालू होतं. कोरड्या तळ्यात पिवळं पोकलेन सोंड खुपसून बंद पडलेलं आणि काठावर अख्खं गाव गोळा झालेलं. मशीनच्या पोटाशी तांब्या घेऊन उभे होते श्री यंत्रेश्वर बाबा.

"हे इंजिन न्हाई बाबांनो, कुंडलिनी हाय! डिझेल तिचा प्राण, सायलेन्सर तिचा श्वास!"

"खरंय महाराज, खरंय," मशीनचे मालक सिद्रामप्पा हात जोडून म्हणाले. ते बारावी सायन्स झालेत, हे आपलं सहज सांगितलं.

बाबांनी एकवीस तांबे पाणी ओतलं. लोबानाची धुरी दिली, चेनपट्ट्याखाली लिंबू ठेवलं. दर्गा-देऊळ, दोन्हीकडच्या भक्तांची सोय! मग सव्वा तास मौन. आमच्या गावात सव्वा तास कुणी गप्प बसलं, हाच खरा चमत्कार. शेवटी ऑपरेटर मोहसीनचाचांनी चावी फिरवली. घर्रर्र!

"यंत्रेश्वर महाराज की जय!"

चार दिवस हेच. मशीन सकाळी सातला चालू आणि ऊन तापलं, की साडेअकराला ठप्प. ठप्प झालं, की केबिनमधल्या पडद्यावर आकडा यायचा: १९०-२. बाबांनी त्याचाही अर्थ लावला.

"एकशे नव्वद अतृप्त आत्मे! आणि म्होरचा दोन? ते दोन डोळे. एका बाईचे. जिची चूल तळ्याकडं तोंड करून हाय."

तळ्याकडं तोंड केलेली चूल गावात एकच, आमच्या शाळेची. तिथं बसम्मा खिचडी शिजवते.

दुसऱ्या दिवशी शाळेत निम्मी ताटं धुतलेली तशीच राहिली. आयांनी पोरांना घरून बजावून पाठवलं होतं. सिद्रामप्पा शाळा समितीवरही आहेत. ते आले आणि म्हणाले, "बसम्मा, उद्या तळ्यावर ये. बाबा नजर उतरवतील. त्यानंबी मशीन बंद पडलं, तर आम्ही दुसरी बाई बघू. तू आपली बिदरला लेकीकडं जा."

"अय्यो मालक," बसम्मा म्हणाली, "अठरा वर्षं ह्या लेकरांना जेवू घालून राहिले. माझी नजर वाईट असती, तर आधी ह्यांना लागली नसती का?"

मालक पाठ फिरवून निघाले. मी त्यांना अडवलं नाही, ह्याची मला लाज वाटली. गेल्या महिन्यात वक्तृत्वात तालुक्यात पहिली आले तेव्हापासून मला माझा आवाज फार आवडतो. पण बक्षिसापुरताच आवडून काय कामाचा?

दुपारी मी थेट तळ्यात उतरले. मशीन नेमानं बंद पडलं होतं. चाचा त्याच्या सावलीत डबा खात होते.

"चाचा, एवढ्या मोठ्या मशीनसोबत पुस्तक येत असेल ना?"

"येतं की. ते बघ."

केबिनमध्ये आरशाशेजारी लाल फडक्यात बांधलेलं गाठोडं लटकत होतं. हळदकुंकवाचा थर साचलेला.

"तीन वर्षांमागं मशीन नवं आलं तवा मालकानं दसऱ्याच्या पूजेत मांडलं होतं. दर दसऱ्याला परत मांडतेत. बांधूनच हाय."

"आणि उघडलं कधी?"

"बेटा, पूजेची चीज कोण उघडतं?"

तीन दसरे! मी गाठ सोडली. पानं कुंकवानं चिकटली होती. इंग्रजी जाडजूड होतं, पण मोबाईलमध्ये डिक्शनरी होती आणि आत्मे स्वच्छ तक्त्यात मांडलेले होते. १९० म्हणजे इंजिन किती वेगानं फिरतंय याची खबर देणारा सेन्सर. पुढं २ आला, तर खबर अडखळत येतेय. ५ आला, तर तार सुटलीय. खबर बंद झाली, की कंप्युटर इंजिन बंद करतो.

"तापला, की हा मुका होतो चाचा, आणि निवला, की बोलतो. बाबांचे एकवीसच्या एकवीस तांबे एकाच जागी पडतात. कुठं?"

चाचांनी घास तसाच धरला. खाली वाकून पाहिलं. पाणी सुकून राहिलेल्या डागाच्या मधोमध अंगठ्याएवढा सेन्सर होता.

"या अल्ला! तरीच नांदेडचा कंपनीचा माणूस येणार होता, त्याला बाबानं नको म्हटलं. आणि बाबाची नखं बघितलीस? ती काय विभूती न्हाई. ग्रीस हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बसम्माला तळ्यात आणून उभं केलं. मशीन चालू होतं, गार होतं. बाबांनी लिंबू उचललं आणि मी चेनपट्ट्यावर चढले.

"बाबा, आत्मे आत्ता कुठं आहेत?"

"निद्रिस्त हायत, बालिके."

"मी उठवते. पण आज दोन डोळे नाहीत, पाच येणार!" मी खडूनं मशीनवर लिहिलं: १९०-५. "चाचा, काढा प्लग."

चाचांनी सेन्सरचा प्लग उपसला. इंजिन धाप लागल्यासारखं थांबलं.

"मालक, तुम्हीच वाचा," मी म्हटलं.

सिद्रामप्पा केबिनमध्ये डोकावले. "एकशे नव्वद... पाच."

"बाबा, हे वरचे तीन डोळे कुणाचे हो?"

काठावर कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच. चाचांनी प्लग बसवला, चावी फिरवली. घर्रर्र! लोबान नाही, लिंबू नाही.

"यंत्राचा कोप होईल!" बाबा गरजले.

"महाराज," चाचा गोड आवाजात म्हणाले, "गॅरेजात हेल्पर होता का तुम्ही?"

"हेल्पर? उदगीरला सात वर्षं हेड फिटर होतो!"

माणसाला देवपण सोडवतं. हुद्दा नाही सोडवत. रोग त्यांना पहिल्याच दिवशी कळला होता. पण प्लगाएवढी वस्तू बदलली, की कुंडलिनी संपते, मग जयजयकार कुणाचा? बाबा लिंबू तिथंच टाकून निघाले.

नांदेडचा माणूस आला. वीस मिनिटांत सेन्सर बदलून गेला. मशीन भर दुपारी चालू राहिलं.

त्याच दिवशी सिद्रामप्पा शाळेत आले आणि पोरांच्या पंगतीत मांडी घालून बसले. बसम्मा पळी घेऊन समोर आली.

"डोळे झाकून वाढू का, मालक? नजर लागायची."

सिद्रामप्पांनी मान खाली घातली. "उघडे ठेवूनच वाढ. चुकलं माझं." दोनदा खिचडी मागून घेतली.

उत्तर तीन वर्षं आपल्या डोळ्यांसमोर लटकत होतं आणि आपण त्याला फक्त हळदकुंकू वाहत होतो. जरूर वाहा, माझी काही हरकत नाही. पण आधी गाठ सोडून वाचा. आणि मशीन थांबलं, तर पहिल्यांदा तार बघा. बाईचे डोळे नव्हे.