आत्याचा हुकूम

आमच्यात आत्याला कोणी नाही म्हणत नाही. लग्नात पहिला मान तिचा, मयतात शेवटचा शब्द तिचा, आणि भावाच्या मुलांवर तिचा हुकूम आईबापांच्याही वर. टोंगाच्या बेटांवरून अमेरिकेत, यूटात येऊन मला तीस वर्षं झाली, पण यात काही फरक पडला नाही. मीही हा मान मिरवला, खोटं कशाला बोलू? मी फटकळ बाई आहे, आणि ऐकणारी माणसं मला आवडतात.

माझा धाकटा भाऊ विलीआमी विमानतळावर सामान चढवायचा. त्याची मुलगी लोसालिने, आमची लोसा, कॉलेजकडून व्हॉलीबॉल खेळायची, आणि त्यावरच तिची फी माफ होती. चार वर्षांत विलीआमीला तिची एकही मॅच बघायला मिळाली नव्हती. आधी शनिवार-रविवारची ड्यूटी, मग साखरेने पाय गेला, मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्या वर्षी मात्र त्याने ठरवलं होतं, कॉलेजातली तिची शेवटची मॅच बघायचीच. त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या मुली आईबापांना घेऊन कोर्टवर चालत येतात. लोसाची आई ती लहान असतानाच गेली होती, म्हणजे चालायचं ते बापानेच. "देवाकडे मी दुसरं काही मागत नाही," तो म्हणायचा. त्याच्याकडे फार दिवस उरले नव्हते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

गावाकडच्या चर्चचं छप्पर वादळात उडालं होतं. सप्टेंबरात त्यासाठी आम्ही इथल्या हॉलमध्ये जेवण ठेवलं. अशा वेळी आमच्याकडे लग्नाची पोर अंगाला खोबरेल लावून नाचते, आणि लोक येऊन तिच्या दंडावर, गळ्यावर नोटा चिकटवतात. त्या तिच्या नसतात. नाच संपला की सगळ्या चर्चच्या टोपलीत जातात.

"आत्या, मी आधी कॉलेजच्या ऑफिसात विचारून येते," लोसा म्हणाली.

"नाचायला ऑफिसची परवानगी? उद्या शिंकायलाही मागशील!"

"तसं नाही गं. खेळाच्या नावावर आम्हाला कोणाकडून काही घेता येत नाही. साधं कोणी जेवू घातलं तरी चौकशी होते."

"तू कुठे घेतेयस? देव घेतोय. जा, तेल लाव."

गेली बिचारी. तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण माइक हातात आला की मला चेव चढतो. "ही बघा आमची नऊ नंबर!" मी ओरडले. "हिच्यासारखा फटका अख्ख्या राज्यात कोणी मारून दाखवा! काढा पाकिटं, कंजूष कुठले!" लोकांनी काढली. निम्मं छप्पर त्या एका नाचात उभं राहिलं, आणि मी रात्रभर स्वतःवर खूश होते.

सोमवारी लोसा आपल्या पायांनी ऑफिसात गेली आणि सगळं सांगून आली. तिला कोणी विचारलंही नव्हतं. आठवड्याभरात निरोप आला, चौकशी संपेपर्यंत खेळायचं नाही.

मी तडक ऑफिस गाठलं. नियम सांभाळणाऱ्या लिंडक्विस्टबाई वयाने लहान, बोलायला मऊ. भांडायला गेले होते, पण त्यांनी पाणी दिलं आणि माझा अर्धा राग तिथेच गेला.

"एक सेंटही तिने घेतला नाही," मी म्हणाले.

"माहीत आहे मला. पण पैसे तिच्या अंगावर चिकटवले, आणि तिच्या खेळाचं नाव घेऊन मागितले. नियमात तेवढं पुरतं."

"मागितले मी. मला शिक्षा करा."

"तुम्ही आमच्या हातात नाही," बाई म्हणाल्या. मग दार लोटून घेतलं. "एक वाट आहे. तिने नाही म्हटलं होतं, घरच्या मोठ्यांनी जबरदस्तीने नाचवलं, असं तिने सहीनिशी लिहून द्यावं. मग दोन मॅचच्या बंदीवर भागेल. मी दोनदा सांगून पाहिलं तिला. ती लिहीतच नाही."

मी घरी आले. लोसा ओट्यापाशी अळूची पानं पुसत होती.

"लिहून दे," मी म्हणाले.

"नाही."

बावीस वर्षांत तो शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

"लोसा, मी सांगतेय. आत्या सांगतेय तुला! जबरदस्ती केली, असं लिही. खरंच तर आहे ते!"

"खरं आहे म्हणूनच नाही लिहिणार," ती म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत. "परक्यांच्या कागदावर आत्याला गुन्हेगार करू आणि वर बाबांना टाळ्या वाजवायला बोलावू? तू काहीही सांग, मी ऐकेन. हे नाही."

"आणि बाबाला काय सांगशील?"

"सांगितलं. गुडघा दुखावलाय म्हटलं. तुझं नाव कळलं तर मान खाली जाईल त्यांची. तूही बोलू नकोस."

मी शिव्या दिल्या, रडले, शेवटी हात जोडले. तिने पानं पुसून संपवली. लिहून द्यायची मुदत गेली, आणि उरलेल्या सगळ्या मॅच गेल्या. आता म्हणे नियम बदलले, खेळणारी पोरं उघड जाहिराती करतात, पैसे घेतात, आणि कोणी काही म्हणत नाही.

तरी शेवटच्या मॅचला आम्ही गेलो. विलीआमीने कमरेला मानाची चटई गुंडाळली होती, आमच्यात मोठ्या प्रसंगी कपड्यांवरून गुंडाळतात ती. बाकीच्या मुली खेळाच्या कपड्यांत होत्या, लोसा चर्चच्या झग्यात. माइकवर तिचं नाव आलं. मी विलीआमीची चाकांची खुर्ची ढकलत निघाले, आणि बापाचा हात धरून ती शेजारून चालू लागली.

ती लंगडत होती. धडधाकट पोर, राज्यात सगळ्यांत उंच उडी मारणारी, अख्ख्या स्टेडियमसमोर पाय ओढत चालली होती. विलीआमीने तिच्याकडे पाहिलं आणि मान मागे वळवली.

"ताई, हळू ढकल," तो मला म्हणाला. "तिला दुखतंय."

मी हळू ढकलली.