नवव्या फोटोवर अडकलेला कॅमेरा

दहा वाजता रुहीला एका बारशाचे फोटो काढायला निघायचं होतं. माझ्या लेकीचं पहिलं स्वतंत्र काम, तेही फिल्मवर, कारण बाळाच्या आईला तसेच फोटो हवे होते. आणि साडेनऊला तिच्या छोट्या कॅमेऱ्यानं मान टाकली. फिल्म पुढे सरकवायची लिव्हर अर्ध्यातच अडकली.

"काल डिनरच्या आधी चालत होता, आई. आय स्वेअर!"

रोल संपला म्हणावं, तर आकडा नवावर. छत्तीसचा रोल नवावर कसा संपेल? बॅटरी म्हणावी, तर लिव्हरला ती लागतच नाही. मागचं झाकण उघडलं तर उजेड लागून आधीचे फोटो वाया, जोर लावला तर फिल्म फाटणार. माझं डोकं चालेना.

शेजारी माझा नवरा, शैलेंद्र, बिनसाखरेचा चहा ढवळत बसला होता. त्याचाच मला जास्त राग येत होता. दोन वर्षांपूर्वी रुहीनं सॉफ्टवेअरची नोकरी सोडली, तेव्हापासून त्याचं एकच, "फोटो काढणं हे काय काम आहे?" आज हे बारसं हुकलं की त्याच्या हाती आयतं कोलीत. काल दसऱ्याला मी आमचे लॅपटॉप आणि गाड्यांच्या किल्ल्या पूजेला मांडल्या, पण कॅमेरा नाही मांडला. सणासुदीला वाद नको म्हणून. भित्रीच मी.

रुहीनं फोनचा टॉर्च लावला. लिव्हरखालच्या फटीत काहीतरी लाल दिसलं. माझा भुवयांचा चिमटा घेऊन तिनं ते अलगद ओढून काढलं आणि लिव्हर खटकन फिरली.

तिच्या तळहातावर तांदळाचा दाणा होता. कुंकू लागलेला.

"अक्षता? आई, यू डिड धिस?"

"मी नाही गं!" मला काही कळेना. घरात आम्ही तिघंच. मी शैलेंद्रकडे पाहिलं. त्याचा चमचा थांबला होता.

"झोपायच्या आधी मी ठेवला होता पूजेत," तो कपाकडे बघत म्हणाला. "घरातली कामाची सगळी हत्यारं ठेवायची असतात."

"पण बाबा, तू तर..."

"नीघ आता. पहिल्याच कामाला कुणी उशीर करतं का?"

रुही जागची हललीच नाही. मला रडूच आलं, आणि रागही. अक्षता टाकताना या माणसानं जरा हात आखडता घ्यायचा ना!