वजनाची वेळ

"पाळी थांबली म्हणून कुणी आली, की आधी बरोबरच्यांना बाहेर काढ. दार लाव. मग तोंड उघड." हे सांगणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाई कधीच देवाघरी गेल्या होत्या. त्यांच्या शिष्येच्या, आता स्वतः दवाखाना चालवणाऱ्या बाईंच्या, कानात मात्र तो आवाज रोज असायचा.

आज बाईंसमोर तिघं होती. धावपटू मुलगी, तिची आई आणि मधोमध, मांड्या फाकून, तिला पळायला शिकवणारे सर. सरांनी दात कोरून झाल्यावर काडी बाईंच्याच टेबलावर ठेवली.

"यात घाबरण्यासारखं काय आहे?" ते हसले. "पाळी गेली की मी समजतो, पोरगी तयार झाली. आधी नुसती चरबी होती."

बाईंनी आईकडे पाहिलं.

"एखादी गोळी द्या ना, डॉक्टरबाई," आई म्हणाली. "शेजारणीच्या सुनेला गोळीनेच आली. उद्या हिचं लग्न ठरवताना कुणाला काय सांगू?"

"दोघंही बाहेर बसा."

"मी तिच्या बापासारखा आहे."

"मग बापासारखे बाहेर बसा."

दार लागलं. थायरॉइड, सोनोग्राफी वगैरे आईने दुसरीकडे करून आणलं होतं. गर्भाशयाला काही धाड भरली नव्हती. गरोदरपणाची चाचणी बाईंनी पुन्हा स्वतः केली. तसलंही काही नव्हतं. पण मुलीचे हात गार होते, दंडावर तान्ह्या बाळासारखी लव होती, आणि नडगीला बोट लावताच ती कळवळली.

"जेवतेस काय?"

"ते वजनावर ठरतं," मुलगी म्हणाली. "रोज सकाळी सर मैदानावर काट्यावर उभं करतात. मग विचारतात, कुणाला आली? जिला आली ती आळशी. सगळ्यांनी तिला हसायचं. तिचं रात्रीचं जेवण बंद. म्हणून आम्ही झोपताना देवाला सांगतो, येऊ देऊ नकोस."

लेकरांनी देवापाशी हे मागावं! बाईंना शिसारी आली. ती काडी त्यांनी चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकली, हात धुतले आणि तरी समाधान होईना म्हणून पुन्हा धुतले.

"ऐक. पोटाला अन्न नाही, म्हणून अंगाने हात आखडता घेतलाय. गोळीने रक्त दिसेल, आई निर्धास्त होईल, आणि तुझी हाडं आतून झिजत राहतील. म्हणून गोळी नाही. नडगीचा एक्स-रे आजच काढू. पळणं बंद, जेवण पोटभर."

"मला संघातून काढतील."

"काढू देत. हाड धड राहिलं तर पुन्हा पळशील."

"माझं जाऊ दे, मॅडम. आमच्यात एक धाकटी आहे. तिला काल पहिल्यांदा आली. वेडी नुसती हरखलीय. उद्या सरांनी विचारलं की खरं सांगून बसेल."

"उद्या वजनाच्या वेळेला मी तिथे असेन."

"नक्की?"

"शब्द दिला."

बाहेर येऊन बाईंनी आईला एका बाजूला नेऊन सगळं सांगितलं. ऐकून आई परत आली, पण सरांशेजारची खुर्ची सोडून भिंतीशी उभी राहिली. संध्याकाळी बाईंनी, सर जिथे शिकवत त्या क्रीडासंस्थेच्या अध्यक्षीणबाईंना फोन लावला. "सकाळी मैदानावर या. मी सांगण्यापेक्षा तुम्ही स्वतःच ऐका," एवढंच म्हणाल्या.

सकाळी दवाखान्याच्या दारावर 'उशिरा उघडेल' अशी पाटी लागली. बाईंनी देवापुढे हात जोडले, पायात चपला सरकवल्या आणि घरात कुणाची झोप न मोडता मैदानाच्या रस्त्याला लागल्या.