शेवटचा थर

माझी ताई एके काळी देखणी नटी होती. हे मी बहीण म्हणून सांगत नाही. मी रंगभूषा करते, चेहऱ्याच्या बाबतीत कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. पुढे आजारपणात तिच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. डोळा ओघळला, ओठ वाकडा झाला, औषधांनी कातडी सुजून खरबरीत झाली. लोकांनी कामं देणं थांबवलं. गोड बोलून थांबवलं, याचाच मला जास्त संताप येतो.

म्हणून तो सिनेमा आला तेव्हा मीच तिला भरीस घातलं. एका बाईच्या अंगावर रोज नवी कातडी उगवते, त्या कातडीला तोंडं फुटतात आणि ती तोंडं तिच्याच आवाजात तिचे वाभाडे काढतात, अशी गोष्ट. दिग्दर्शक पोरगेलासा, बोलण्यात मात्र तरबेज. शेवटी बाई सगळे थर सोलून टाकेल आणि आतून ताईंचाच चेहरा निघेल, काहीही न लावलेला, असं त्याने सांगितलं. तिथे प्रेक्षकांनी सुटकेचा श्वास सोडायचा. ताईला बाकीच्या सिनेमाशी काही घेणंदेणं नव्हतं. त्या एका दृश्यासाठी तिने होकार दिला.

"एकदा लोकांना मला अशी बघू दे," ती म्हणाली, "मग सवय होते गं माणसांना."

मग रोज सकाळी मी तिला रबराची कातडी चढवायचे. या कामात सगळी मेख कडेला असते. कड अंगात विरली तर खरं वाटतं, दिसली तर सोंग. संध्याकाळी तिला खुर्चीत बसवून मी कानाखाली नख घालायचे, कड सापडली की गोंद सुटावा म्हणून स्पिरिट सोडत सोलत जायचे. ती दर वेळी म्हणायची, "हळू, खालची माझी आहे." आणि आम्ही दोघी हसायचो. गोंदाने तिचे गाल भाजून निघाले. पुरे झाली हौस म्हणून मी ओरडले, तर म्हणे, माझं दृश्य अजून राहिलंय.

त्या दृश्याच्या दिवशी मी तिचं तोंड फक्त पाण्याने धुतलं. पावडरसुद्धा तिने लावू दिली नाही. कॅमेऱ्याकडे बघून ती हसली, अर्ध्या चेहऱ्याला जमेल तेवढं. मी दिव्यामागे उभी राहून ढसाढसा रडले. इतका अभिमान मला कशाचाच वाटला नव्हता.

सिनेमा पहिल्यांदा दाखवला तो निमंत्रितांना, एका लहानशा हॉलमध्ये. मी घडवलेली ती तोंडं बोलायला लागली तेव्हा लोक कुजबुजले, खिदळले, खातही होते. मग शेवटचा थर निघाला आणि ताईचा चेहरा पडदाभर आला. पुढच्या बाईने डोळ्यांवर हात घेतले. मागून कुणीतरी "शी" म्हणालं. एक जण उठून गेला. सुटकेचा श्वास कुणीच सोडला नाही. माझ्या हातात ताईचा हात होता, तो तसाच राहिला. दिवे लागायच्या आत तिने ओढणी तोंडावरून घेतली.

बाहेर, शूटिंगकडे कधी न फिरकलेले निर्माते मला गाठून म्हणाले, "बाकीचं ठीक, पण तो शेवटचा मेकअप! काटा आला अंगावर. किती वेळ लागला हो?"

मी तोंड उघडणार तोच शेजारी उभा असलेला दिग्दर्शक म्हणाला, "कला आहे ती त्यांची." आणि त्याने माझी नजर टाळली. एरवी माझी जीभ कुणाला ऐकत नाही. त्या वेळी नेमकी ती टाळूला चिकटली. ताई माझ्या मागेच उभी होती.

घरी येऊन ती थेट माझ्या खुर्चीत बसली. आरशावरचा दिवा लावला, गळ्याभोवती टॉवेल घेतला आणि स्पिरिटची बाटली माझ्या हातात दिली.

"काढ आता."

"ताई, काही लावलेलं नाहीये."

"तू चिकटवतेसच इतकं छान. नीट बघ, कड असेल कुठेतरी."

ती चेष्टा करतेय का, म्हणून मी आरशात पाहिलं. ती वाट बघत होती. मी कापूस भिजवला, तिच्या कानाखाली नख लावलं आणि शोधायला लागले.