इतर, अन्यत्र न मोडणारे

आमच्या खरेदी विभागात पुरवठादाराची नोंदणी करताना एक रकाना भरावाच लागतो: उद्योगाचा कोड. पाच आकडी. कापड विणणाऱ्याचा वेगळा, शिवणाऱ्याचा वेगळा आणि नुसतं विकणाऱ्याचा आणखी वेगळा. पुढे टेंडर निघालं की कॉम्प्युटर त्या एका कोडाची नावं काढतो आणि सूचना तेवढ्यांनाच जाते. बाकीच्यांना असं काही निघालं होतं याचा पत्ताही लागत नाही.

यादीच्या अगदी शेवटी एक कोड आहे, ‘इतर, अन्यत्र न मोडणारे’. त्याला आम्ही धर्मशाळा म्हणायचो. एखाद्याचा धंदा नीट कळला नाही, कागद अपुरे निघाले किंवा जेवणाची सुट्टी तोंडावर आली की शेजारच्या टेबलावरून आवाज यायचा, टाक रे धर्मशाळेत. मीही टाकायचो. तिथे गेलेल्यांची तक्रार कधी आली नाही. येणार कशी? ‘इतर’ नावाची वस्तू आजवर कुणी विकत मागितलेली नाही, त्या कोडावर टेंडर निघतच नाही. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून वीस वर्षं माझा घास कधी अडला नाही.

सहा वर्षांपूर्वी त्या धर्मशाळेत मी माझ्या वहिनींना टाकलं.

दादा गेल्यावर वहिनींनी घराच्या मागच्या दोन खोल्यांत शिलाई मशीनं मांडली होती. आठ बायका कामाला. चादरी, उशांचे अभ्रे, रुग्णांचे झगे. मी दादापेक्षा चौदा वर्षांनी धाकटा. माझा अभ्यास, माझी आजारपणं, सगळं वहिनींनीच काढलेलं. आमच्या विभागातून निघणारं इस्पितळाच्या चादरींचं काम मिळालं तर बायकांचे हात वर्षभर चालतील, एवढीच त्यांची इच्छा. त्यांनी नमुन्याची एक चादर आणि सही केलेला अर्ज माझ्या हाती दिला आणि निर्धास्त झाल्या. खरा कोड घालायचा तर मशीनांची यादी हवी होती, कारखान्याचा फोटो हवा होता. त्यासाठी पुन्हा त्यांच्याकडे जायचा मला कंटाळा आला. कुणाचा दबाव होता, कुणी लालूच दाखवली होती, असं काही असतं तर निदान सांगायला बरं वाटलं असतं. नुसता कंटाळा.

पहिली दोन वर्षं त्या विचारायच्या, भावोजी, चादरींचं काही निघालं का? मी सांगायचो, नाव यादीत आहे, बोलावतील. तिसऱ्या वर्षी त्या कुणाला तरी भेटायला इस्पितळात गेल्या आणि खाटांवर कोऱ्या चादरी बघून आल्या. मला काही सुचेना, तेव्हा मी म्हणालो, नमुन्याची शिवण पसंत पडली नसेल. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. माझा जीव भांड्यात पडला. ती नमुन्याची चादर आमच्या विभागात प्रिंटरवर धूळ बसू नये म्हणून पांघरलेली होती, आणि इतक्या वेळा धुऊनही तिचा एक टाका उसवला नव्हता.

यंदा नवीन मॅडम आल्या. चादरींच्या टेंडरला दरवर्षी तेच दोघे कसे येतात, असं विचारून त्यांनी धर्मशाळेतली सगळी नावं छापून मागितली. एकसष्ट निघाली. चौथ्या नावावर त्यांनी बोट ठेवलं. नावातच शिवणकाम लिहिलंय, मग हे इथे कसं, म्हणाल्या. मी म्हणालो, कोड पुरवठादार स्वतः निवडतात. तो उद्योग माझ्या वहिनींचा, हेही सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, मग शुक्रवारपर्यंत दुरुस्तीचा अर्ज आणा. सोमवारी टेंडर निघतंय, ते पाच वर्षांचं आहे.

गुरुवारी दुपारी फॉर्म घेऊन निघालो. नियम बदलला म्हणायचं आणि सही घ्यायची, एवढं ठरवलं होतं. देवाचं नाव घेत चालायची मला सवय आहे. त्या दिवशी वाटभर तोंडात ते खोटं वाक्यच घोळत होतं.

वहिनींनी मला स्टुलावर बसवलं आणि एक चादर उलगडून दाखवली. हल्ली कडेला दुहेरी दुमड घालतो, टीपही दोनदा मारतो, म्हणाल्या. आता नाव ठेवायला जागा मिळते का बघू. कोपऱ्यात त्या बायकांमधल्या सगळ्यांत वयस्कर, ज्यांना सगळ्या मावशी म्हणतात, त्या खाली बसून घड्या घालत होत्या. पूर्वी पहिलं मशीन त्यांचं असायचं. आज मशीनवर का नाहीत, म्हणून मी सहज विचारलं. वहिनींनी आवाज खाली आणला. नमुना त्यांच्याच हातचा होता, म्हणाल्या. तुम्ही शिवणीचं सांगितलंत, तेव्हापासून मी त्यांना घड्यांना बसवलं. दिवसभर रडल्या होत्या.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, आधीचा कोड चुकण्याचं कारण. तुम्हीच लिहा भावोजी, तुमचं अक्षर चांगलं, असं म्हणून वहिनींनी पेन माझ्याकडे दिलं. ‘नियम’ एवढं लिहिलं आणि हात पुढे सरकेना.

“वहिनी, ती शिवण कुणी पाहिलीच नव्हती.”

“म्हणजे?”

“मी तुम्हाला भलत्याच कोडात घातलं. कंटाळा केला. तुमच्याकडे सूचना येणारच नव्हती. शिवणीचं मी मनानं रचलं.”

मशीनं चालू होती, त्यामुळे बाकी कुणाला ऐकू गेलं नाही. त्या घटकेलाही मला त्याचं बरं वाटलं. वहिनी चादरीच्या काठावरून बोट फिरवत राहिल्या.

“पहिल्यापासून बरी होती शिवण?”

“पहिल्यापासून.”

त्या उठल्या, हात वर करून मशीनं थांबवली. “मला सांगितलंत ते मावशींना सांगा. इथून नको. जवळ जाऊन.”

बसा गं, भावोजींचं भाषण आहे, असं कुणीतरी म्हणालं आणि दोघीतिघी हसल्या. मी मावशींसमोर जमिनीवर बसलो. दुसऱ्यांदा सांगायला जास्त वेळ लागला, कारण कोड म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि मला धर्मशाळेचंही सांगावं लागलं. आमच्या विभागात त्यावर वीस वर्षं हशा पिकला. इथे कुणी हसलं नाही.

“मी चष्मा दोनदा बदलला,” मावशी म्हणाल्या. “डॉक्टर म्हणत होता, डोळे चांगले आहेत. मी त्यालाच खोटं ठरवलं.”

पहिल्या मशीनवरची बाई आपणहून उठून उभी राहिली. मावशींनी मान हलवली. पायाची सवय मोडली आता, उद्या बघते, म्हणाल्या, आणि हातातली घडी पुरी केली.

‘नियम’ खोडून मी लिहिलं, ‘नोंदणी करणाऱ्या कर्मचाऱ्याची हयगय.’ वहिनींनी वाचलं. कर्मचारी म्हणजे कोण, ते नाव घाला, म्हणाल्या. मी माझं पूर्ण नाव घातलं, अर्जदाराशी नातंही लिहिलं. त्यांनी सही केली, मशीनांची यादी सांगितली, भिंतीवरचा कारखान्याचा फोटो काढून दिला. मी निघताना ‘या’ म्हणाल्या. भावोजी म्हणाल्या नाहीत.

शुक्रवारी मॅडमनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला, शिक्का मारला. मग उरलेल्या साठ नावांचे कागद माझ्यापुढे सरकवले.

“यातली तुमच्या हातची किती?”

मी पेन्सिल घेतली आणि एकेका नावापुढे खूण करत गेलो. दुसऱ्या पानावर पेन्सिलीला टोक काढावं लागलं.