चौदाव्या पानाची कबुली

मी, ........................, कबूल करतो/करते की,

एवढं छापलेलं, मध्ये नावासाठी रिकामी जागा, आणि खाली तीन वाक्यं. साहेबांनी कागद तिच्याकडे सरकवला, त्यावर पेन ठेवलं आणि पेन घरंगळू नये म्हणून बोटाने धरून ठेवलं.

"नाव घाला, सही करा. माल आजच्या आज सुटेल."

तिने पेनाला हात लावला नाही.

ती कस्टम्सची एजंट. परदेशातून आलेल्या मालाचे कागद भरायचे, कुठल्या वस्तूला कराचा कुठला कोड लागतो ते ठरवायचं आणि माल सोडवून आणायचा, हे ती बावीस वर्षं करत होती. तिच्या आधी तिचे वडील करायचे. कचेरीत तिला सगळे बाडबाई म्हणत, कारण बाकीचे एजंट दोन पानं जोडत तिथे ती चाळीस जोडायची. मालाचं अख्खं माहितीपुस्तक, आणि पानापानावर तिचा गोल शिक्का. वडील करवादायचे, "अगं, मागितलं तेवढंच द्यावं!" ती म्हणायची, "बाबा, उद्या कोणी म्हणायला नको, लपवलं म्हणून."

आज नेमकं तेच म्हणणारे दोघे समोर बसले होते.

१. सदर माल मी चुकीच्या कोडखाली दाखवला.

माल म्हणजे चोवीस पेट्या. बुटाच्या खोक्याएवढ्या, पुढे छोटीशी काच आणि चार बटणं. विजेच्या मोटरला जोडल्या की मोटर हिसका न देता हळूहळू सुरू होते आणि ठरवून दिलेल्या वेगाने फिरते. मागवल्या होत्या भावोजींनी, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. त्यांचा शिवणाच्या दोऱ्याचा कारखाना. मोटरने हिसका दिला की दोरा तुटतो, तुटला की गाठ मारावी लागते, गाठ दिसली की गिऱ्हाईक रीळ तोंडावर फेकतं. जुन्या पेट्या भावोजींनी उत्साहाने आधीच काढून टाकल्या. नव्या गोदामात अडकल्या. एकोणीस दिवस यंत्रांवर चादरी.

तिने कोड घातला होता मोटर नियंत्रित करणाऱ्या उपकरणांचा. खात्याचं म्हणणं, ही पेटी विजेचं रूप बदलते, तेव्हा कोड हवा विजेच्या परिवर्तकाचा. कर दोन्हीकडे सारखाच. पैशाचाही फरक नाही.

साहेबांच्या शेजारी तपासनीस बसला होता. पेटी उघडून अहवाल लिहिणारा तोच.

"अहो बाडबाई, कर तोच आहे. एवढं काय मनाला लावून घेता?"

"तेच तर विचारते. कर तोच आहे, मग खोटं बोलून मी मिळवलं काय?"

तपासनीस फाइलची दोरी सोडू लागला.

तिने पर्समधून दोऱ्याचं रीळ काढून टेबलावर उभं केलं. "साहेब, ही पेटी लोक का घेतात? मोटर ताब्यात राहावी, दोरा तुटू नये म्हणून. विजेचं रूप बदलायची हौस कोणाला असते?"

साहेब बिनडोक नव्हते, ही खरी अडचण. ते शांतपणे म्हणाले, "मान्य. पण मोटर ताब्यात येते कशाने? आत आलेली वीज ही पेटी मोडते आणि हव्या त्या रूपात पुन्हा घडवते. ते काम काढून घ्या. उरतं काय? चार बटणं."

आठवडाभर घोकलेलं उत्तर सोडून तिने रीळ पुन्हा पर्समध्ये टाकलं. असेल. कदाचित साहेबांचंच बरोबर असेल. कोड चुकणं तिला नवीन नव्हतं. एकदा तिने खेळण्यातल्या शिट्ट्या वाद्यांमध्ये घातल्या होत्या, तर महिनाभर अख्खी कचेरी तिला पाहून शीळ घालायची. चूक झाली, सुधारली, हसून विसरली.

२. सदर चूक मी जाणूनबुजून केली.

३. सदर मालाचे खरे स्वरूप मी खात्यापासून लपवले.

"आणि हे दोन?" तिने विचारलं. "याला पुरावा काय?"

तपासनीसाने फाइल उघडली. पान चौदा. एका ओळीखाली तांबडी पेन्सिल फिरवलेली: हे उपकरण येणाऱ्या विजेचे रूपांतर करते. "बघा. तुम्हाला माहीत होतं."

पानाच्या कोपऱ्यात गोल शिक्का होता. तिचा.

ती बोलली ती इतक्या हळू की साहेबांना पुढे वाकावं लागलं.

"हे पान तुम्हाला कुठे मिळालं?"

"फाइलमध्ये."

"फाइलला कोणी लावलं?"

तपासनीसाने शिक्क्यावर अंगठा ठेवला.

"मी लावलं. पहिल्या दिवशी. शिक्का मारून. मी लपवलेलं पान मीच तुमच्या हातात दिलं, आणि तेच तुम्ही मला पुरावा म्हणून दाखवता?"

"चौदावं होतं ना, पहिलं कुठे होतं? चाळीस पानांत कोण बघत बसणार?"

"तुम्ही! तुम्हीच बघत बसणार! पगार कसला घेता मग, पानं न उलटण्याचा?"

साहेबांनी हात वर केला. "बाहेर बसा. पाच मिनिटं विचार करा. परक्या माणसासाठी एवढं ताणू नका."

परका माणूस बाहेर बाकावर घाम पुसत बसला होता.

"मेव्हणीबाई, झालं?" भावोजींनी विचारलं. तिने कागद दाखवला. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला. "करा ना सही. तीन ओळी तर आहेत. कोण वाचतंय?"

"पुढच्या महिन्यात माझा परवाना नवा करायचाय. अर्जात ठळक अक्षरांत प्रश्न असतो, माहिती लपवल्याचं पूर्वी कधी कबूल केलंय का? हो लिहिलं की परवाना गेला. बाबांच्या वेळेपासूनची पाटी आहे, भावोजी. तिच्याखाली खोटारडी असं लिहायला रंग तुम्ही आणताय का ब्रश?"

भावोजींनी मान खाली घातली. "तसं नाही हो. पण तुमच्या ताईला काय सांगू? चोवीस यंत्रं..."

"ताईला सांगा, तिची बहीण आत आहे."

उठताना तिची नजर कागदाच्या तळाशी गेली. अगदी बारीक अक्षरांत छापखान्याची ओळ: प्रती ५०००.

पाच हजार. तिने कोड लिहिण्याआधी, पेट्या बोटीत चढण्याआधी, तिचा खोटेपणा छापून, गठ्ठे बांधून कपाटात ठेवला होता. फक्त नाव घालायचं राहिलं होतं.

ती दार न वाजवता आत गेली. स्वतःचं पेन काढलं. रिकाम्या जागेत नाव लिहिलं. पहिलं वाक्य ठेवलं. दुसऱ्यावर आडवी रेघ. तिसऱ्यावर रेघ, जरा जोरात, कागद फाटता फाटता राहिला. खाली लिहिलं: चौदावे पान मीच जोडले होते, शिक्का पाहावा. सही केली.

"असं चालत नाही," साहेब म्हणाले. "तिन्ही वाक्यं एकत्रच असतात. छापील नमुना आहे."

"माल कशापायी अडवलाय?"

"कोडापायी."

"कोडाची चूक मी कबूल केली. तुमचाच बरोबर असेल, माझी हरकत नाही. आता यापुढे माल कशापायी अडवणार, तेवढं लिहून द्या."

"आणि लपवल्याचं काय?"

"ते तुम्ही लिहा, साहेब. तुमच्या सहीने. पुरावा म्हणून चौदावं पान जोडा. शिक्का दिसेल असं."

कागद घेऊन ती थेट आवक टेबलावर गेली, कारण तिथे ठप्पा पडलेला कागद फाइलमधून कोणालाच काढता येत नाही. तिथल्या कारकुनाने सवयीने दोन्ही हात पुढे केले.

"किती पानं?"

"एक."

"एक?" त्याने चष्मा वर केला. "बाडबाई, तब्येत बरी आहे ना?"

ठप्पा पडला.

चार वाजता माल सुटल्याचा हुकूम आला. दोन ओळी, नवा कोड, बस. लपवल्याबद्दल अक्षर नव्हतं. लपवलं असंही नाही, लपवलं नाही असंही नाही. भावोजी टेम्पोत पेट्या चढवता चढवता ओरडले, "चला, सुटलात!"

"माल सुटला," ती म्हणाली. "तुम्ही व्हा पुढे."

व्हरांड्यातल्या फळीवर छापील नमुन्यांचा गठ्ठा होता. तिने एक प्रत उचलली, तिन्ही वाक्यांवर रेघ मारली आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: चौदावे पान खात्याला पहिल्याच दिवशी मिळाले होते. नावाची जागा कोरी ठेवली.

मग साहेबांच्या खोलीत जाऊन कागद टेबलावर सरकवला, त्यावर पेन ठेवलं, आणि घरंगळू नये म्हणून बोटाने धरून ठेवलं.

"नाव घाला, सही करा."

साहेबांनी पेनाला हात लावला नाही.

तिने दुसऱ्या हाताने खुर्ची ओढली आणि ती बसली. कचेरी बंद व्हायला अजून पाऊण तास होता.